बाजारात न चालणारा रुपया

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनी पण पुढं या, इथं माझ्याजवळ जागा आहे. पोरांना सावलीत घ्या.

गफूर मास्तर, युसूफभाई, महादेवी अक्का, सोनार आळीतली सगळी मंडळी, आणि एवढ्या उन्हाचं सास्तूरहून, भूमहून, कुठून कुठून आलेल्या आमच्या नळदुर्गच्या लेकींनो. मास्तरांनी आत्ता बोलायला माझं नाव घेतलं, तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं घेतलं. मी मागं वळून बघितलं. खरंच बघितलं.

मला अजून पटत नाही. दस्तगीरचाचा गेले, हे मला अजून पटत नाही. आज पाचवा दिवस आहे. मंगळवारी सकाळी मी सोलापूरहून पहिल्या मोटारीनं आलो. चाचांना आणि मला मिळून ठाण्यावर जायचं होतं, अमीनसाहेबांपुढं जबाब द्यायला. चाचांनी बजावलं होतं, "दस बजे आ. देर नक्को." मी त्याच्या आधीच गल्लीत पोचलो. दारात चपला दिसल्या. लई चपला. मला वाटलं, चाचांनी साक्षीला माणसं जमवली. मी बाहेरूनच हाक दिली, "चाचा, एवढी फौज कशाला?" युसूफभाई बाहेर आले. म्हणाले, "अब्बा पगडी बांधत होते. अर्धी बांधली."

एवढंच बोलले. अर्धी बांधली.

मंडळी, त्या माणसाला कधी ताप आलेला मी बघितला नाही. सत्तरीच्या घरातला माणूस, पण चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचा. आदल्या रविवारी माझ्याशी भांडला. आणि मंगळवारी पगडीचं एक टोक हातात धरून बसल्या जागी गेला. आजारी नाही, पडला नाही, काही नाही. असं कसं जातं माणूस? मी हे पाच दिवस सगळ्यांना विचारतोय. कुणी सांगत नाही.

ही शोकसभा आहे. परवानगीच्या कागदावर मास्तरांनी तेच लिहून दिलंय, की फक्त शोक होईल, दुसरं काही होणार नाही. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे, चार माणसं एका ठिकाणी बसली तरी विचारणा होते. तेव्हा मी भाषण करणार नाही. पण एक गोष्ट उघड बोलल्याशिवाय मला शोक करता येत नाही. चाचांच्या रुपयाचा ठसा ठाण्यात जप्त आहे. त्यांचा जबाब द्यायचा राहून गेला. आणि मातीच्या दिवसापासून मी ऐकतोय, दस्तगीर खोटी नाणी पाडायचा. मोटारीच्या थांब्यावर चहा पिता पिता एकजण म्हणाला, "बरं झालं, बेडी पडायच्या आधीच सुटला." मी चहा तसाच ठेवून उठलो. काय बोलणार? ती बेडी माझ्यामुळं आली होती.

हो, माझ्यामुळं. ऐकून घ्या.

नळदुर्गात कुणाला सांगायला नको चाचा काय करायचे. पण बाहेरगावची मंडळी आहेत म्हणून सांगतो. ते ठसे कोरायचे. तुमच्या देव्हाऱ्यात चांदीचा टाक असेल, घोड्यावरचा खंडोबा, नाहीतर आई भवानी. सोनार काशाच्या ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकतो, तेव्हा तो देव उमटतो. सोनार आळीतले निम्मे ठसे चाचांच्या हातचे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आणि आपल्या घराघरातला खंडोबा त्यांनी कोरलेला. मी एकदा मोठ्या हुशारीनं विचारलं, "चाचा, याची तुम्हाला अडचण वाटत नाही?" म्हणाले, "वाटते ना. घोड्याचे पाय लई बारीक असतात."

असे होते. तुम्ही मोठा प्रश्न विचारा, ते हातातल्या कामाचं उत्तर देणार.

आता माझं. सहाव्या वर्षी मला मामाकडं सोलापूरला धाडलं, इंग्रजी शाळेत. इंग्रजी मला फाडफाड येतं. मोडी येत नाही. उर्दू येत नाही. ज्या सरकारच्या मुलखात माझं घर आहे, त्या सरकारचा रुपया मला वाचता येत नाही. पण जुन्या नाण्यांचा मला भलता नाद. इंग्रजी कॅटलॉग आहेत माझ्याकडं, त्यातल्या चित्रांशी नाणं ताडून बघायचं आणि सांगायचं, हे अमक्याचं, हे तमक्या टांकसाळीचं. चाचा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "ये हमारा मिस्टर. रुपया पढ नई सकता, पण रुपयाची उमर सांगतो." मला त्यात टोमणा कळायचा नाही. मला वाटायचं कौतुक आहे.

सुट्टीत घरी आलो की मी जेवून थेट त्यांच्या ओट्यावर. ते कोरत बसायचे, मी बडबडायचो. ते म्हणायचे, "तू बोल, तुझ्या बोलण्यानं माझा हात चालतो." मग थोड्या वेळानं म्हणायचे, "आता बस. आता डोळा आहे." म्हणजे देवाचा डोळा कोरायचा असायचा. तेवढ्यापुरतं मी गप्प.

दोन सालाखाली मी सास्तूरला दोस्ताकडं मुक्कामाला गेलो. त्याची आई म्हणजे आपल्या महादेवी अक्का. नळदुर्गची लेक, सास्तूरला दिलेली. मला नाण्यांचा नाद आहे हे कळल्यावर अक्का देव्हाऱ्यापाशी गेल्या, आणि टाकाच्या मागं हात घालून एक रुपया काढला. माझ्या हातावर ठेवला. मंडळी, मी तो घेऊन उजेडात गेलो. चांदीचा, जाडसर, आपल्या सरकारचा हाली नाही, इंग्रजांचा कलदार नाही. एका बाजूला किल्ल्याची कमान. खाली फारशी अक्षरं. दुसरी बाजू पार झिजलेली, गुळगुळीत, जशी तीनशे वर्षं हातोहात फिरलेली. माझ्या कॅटलॉगात असला रुपयाच नव्हता.

मी विचारलं, "अक्का, हा कुठला?"

अक्का म्हणाल्या, "नळदुर्गचा."

मी विचारलं, "किती जुना?"

अक्का म्हणाल्या, "लई जुना, बाबा. माझ्या आईनं दिलेला."

मी तिसरा प्रश्न विचारला नाही. कुणी केला, एवढंच विचारायचं होतं. अक्कांनी एका शब्दात सांगितलं असतं. पण मला उत्तर आधीच मिळालं होतं ना. मला नळदुर्गची टांकसाळ सापडली होती. कुठल्या कॅटलॉगात नसलेली, कुठल्या साहेबाला माहीत नसलेली.

मी कागद ठेवून पेन्सिल घासून दोन्ही बाजूंचे छाप घेतले. एका मुनशीकडून अक्षरं वाचून घेतली. त्यानं वाचलं, "ज़र्ब नळदुर्ग", म्हणजे नळदुर्गला पाडलेला. दुसऱ्या बाजूचं त्याला लागलं नाही. मग मी इंग्रजीत लेख लिहिला. सहा पानं. मुंबईला नाण्यांच्या शौकिनांचं एक नियतकालिक निघतं, तिथं धाडला. आणि चाचांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? म्हटलं, छापून आल्यावर दाखवू. चाचा खूश होतील. त्यांच्या गावाचं नाव होईल.

छापून आलं. मी अंक घेऊन धावत ओट्यावर गेलो, आणि वाक्यावाक्याचं मराठी करून त्यांना वाचून दाखवलं. चाचांनी कोरणी खाली ठेवली. सगळं ऐकलं. मग अंक हातात घेऊन छापाचं चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. म्हणाले, "कमान थोडी तिरपी झाली होती. तेव्हा हात नवा होता."

मी म्हटलं, "म्हणजे?"

म्हणाले, "अरे मिस्टर, ये तो मैं बनाया."

आता हसू नका. हसा खरं तर, तेव्हा ओट्यावरचे सगळे हसले होते. मी मात्र हसलो नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. ज्यानं केला त्याच्याशी. म्हटलं, "चाचा, तुम्ही कुठल्या तरी जुन्या रुपयावरून नक्कल केली असणार. आठवत नसेल." ते म्हणाले, "नक्कल? तर असल दाखव." मी म्हटलं, "असल कुठंतरी असेलच." ते म्हणाले, "वा रे. म्हणजे जे मी केलं ते नाही, आणि जे कुणी केलं नाही ते आहे. सोलापूरला हेच शिकवतात?"

मी ऐकेना. मग ते उठले. पेटीतून ठशाची जोडी काढली. चांदीची चकती तापवली, दोन ठशांच्या मध्ये धरली, युसूफभाईंना हातोडा दिला. एक घाव, दुसरा घाव. त्या दिवशी ओट्यावर गफूर मास्तर होते. सोनार आळीतले चौघं होते, ते आज समोरच बसलेत. रुपया निघाला, पांढराशुभ्र. आणि त्याची दुसरी बाजू, जी अक्कांच्या रुपयावर पुसली होती, ती स्वच्छ उमटली. मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली.

"बाज़ार का नहीं, बेटी का."

नळदुर्गच्या लेकींनो, तुम्हाला हे माहीतच होतं. चाचा आणि युसूफभाई सोडले तर आम्हा पुरुषांना कुणालाच माहीत नव्हतं. चाचांनी त्या दिवशी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी शेजारी अक्कांच्या आई राहायच्या, बसव्वा. पोरगी सासरी जाताना आई तिच्या ओटीत एक रुपया घालायची, न मोडायचा. माहेरची खूण म्हणून. पण बसव्वांचा स्वतःचा रुपया सासरच्यांनी पहिल्याच वर्षी उचलून बाजारात मोडला होता. म्हणून अक्कांच्या लग्नाच्या आधी त्या चाचांकडं आल्या. म्हणाल्या, "दस्तगीर, माझ्या पोरीला असा रुपया दे की कुठला दुकानदार हातात धरणार नाही."

चाचा म्हणाले, मी विचार केला. राजाचं नाव घातलं तर बाजार घेणार. म्हणून राजाचं नाव घातलं नाही. कुठल्याच राजाचं नाही. गावाचं नाव घातलं, किल्ला घातला, आणि मागं ते वाक्य. चांदी त्यात बेताचीच. म्हणजे मोडून खावा म्हटलं तरी कुणाचं पोट भरणार नाही.

मग गावातल्या सगळ्या आया येऊ लागल्या. वाण्याच्या, सोनाराच्या, अत्ताराच्या, धनगराच्या. नळदुर्गहून जी पोरगी सासरी गेली ती तो रुपया घेऊन गेली. आणि तिनं तो टाकामागं, पेटीत, कुराणाच्या रुमालात लपवून ठेवला. कुणी दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासला. अक्कांनी चाळीस दिवाळ्या घासला. मी ज्याला तीनशे वर्षं म्हटलं, ती अक्कांची चिंच होती.

मी मान खाली घातली. म्हटलं, चुकलो, दुरुस्ती छापून आणतो. एडिटरला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की खेड्यातले कारागीर जुनं काम आपलं म्हणून सांगतात, पुरावा काय? मी चाचांना म्हटलं, तो नवा रुपया द्या, पुरावा म्हणून धाडतो. चाचा म्हणाले, "एडिटरला बेटी आहे का? तिचं लग्न आहे का? नाही ना? मग त्याला कशाला?" दिला नाही. त्याच आठवड्यात एका पोरीची पाठवणी होती, तिला दिला.

एडिटरनं मग चार ओळी छापल्या, की एक कारागीर हे काम आपलं म्हणतो, वाचकांची मतं यावीत. मतं आली. इंग्रजीत असल्या नाण्याला फँटसी म्हणतात. म्हणजे कुठल्याच सरकारनं कधी न काढलेलं, कुणीतरी मनानं केलेलं. एकानं लिहिलं, जे टांकसाळीतून निघालं नाही ते खोटं, वितळवून टाका. दुसऱ्यानं लिहिलं, खोटं म्हणायला आधी खरं पाहिजे, हा रुपया कुणाचीच नक्कल नाही, तर तो खोटा कसा? तिसऱ्यानं लिहिलं, नाण्यांच्या यादीत घेऊ नका, पण मिळाला तर सोडू नका.

मंडळी, खरं सांगतो, मला मजा वाटत होती. माझ्या लेखावर मुंबईत वाद चाललाय. मी प्रत्येक अंक चाचांना वाचून दाखवायचो. एकदा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांच्यातल्या एकानं तरी विचारलं का, कुणासाठी केला?"

मी म्हटलं, "नाही."

"मग वाद कशाचा करतात?"

मी पुढचं पत्र वाचायला घेतलं.

आणि त्या वादानं काय झालं? वाद झाला की माल दुर्मीळ होतो. एक डीलर निघाला. नाव घेत नाही, आपल्या भागातला नाही. माझा लेख हातात घेऊन तो गावोगाव फिरला. घरातल्या पुरुषांना बाहेर बसवून दाखवायचा, हे बघा, तुमच्या देव्हाऱ्यात असा रुपया असेल, बादशाही आहे, छापून आलंय, मागाल ते देतो. छापून आलंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

पावसाळा सरल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. महादेवी अक्का गाडीतून उतरल्या, पाय न धुता ओट्याच्या पायरीवर बसल्या. अक्का, मी हे सांगू ना? अक्का सांग म्हणतात.

अक्का म्हणाल्या, "चाचा, गौरीचा रुपया गेला." गौरी म्हणजे त्यांची लेक, भूमला दिलेली. तिच्या पाठवणीला पण अक्कांनी चाचांकडूनच रुपया नेला होता.

चाचा म्हणाले, "हरवला? रडू नक्को. दुसरा देतो."

"हरवला न्हाय. इकला. तिच्या सासऱ्यानं टाकामागनं उचलून इकला."

चाचा हसले. म्हणाले, "कोण घेतलं? तो कुठं चालत नाही, अक्का. चालत नाही म्हणून तर केला."

अक्का म्हणाल्या, "आता चालतोय म्हणं. छापून आलंय."

मी तिथंच बसलो होतो. अंक माझ्या मांडीवर होता. चाचांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी निभावलं असतं. एखादं काम हातातून सांडावं आणि माणसानं त्याकडं बघावं, तसं बघितलं. म्हणाले, "मिस्टर, तू बाज़ार लगाया."

तेव्हापासून किती रुपये गेले असतील? मला माहीत नाही. इथं बसलेल्या लेकींना माहीत आहे. काहीजणी मघाशी मला भेटल्या. एकीनं सांगितलं, नवऱ्यानं झोपेत किल्ली काढून घेतली. एकीनं सांगितलं, तिनं स्वतःच विहिरीत टाकला, कुणाला मिळू नये म्हणून. तिनं मला हे हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. डीलरनं काही रुपये हैदराबादेत एका मोठ्या माणसाला विकले. त्यातला एक अलीकडच्या नवरीचा होता, न झिजलेला. त्या माणसाला उर्दू येत होतं. त्यानं वाचलं, बाज़ार का नहीं. तो चिडला. खोटी नाणी म्हणून अर्ज गेला. डीलर म्हणाला, मला काय माहीत, नळदुर्गचा म्हातारा पाडतो. आणि आपल्या अमीनसाहेबांना वरून हुकूम आला. अमीनसाहेब आदबीनं वागले, ते मी सांगितलं पाहिजे. ओट्यावर चप्पल काढून चढले. पण ठसा घेऊन गेले.

रविवारी मी चाचांशी भांडलो, ते यावरून. ते म्हणाले, मंगळवारी जबाब देतो, आणि अमीनसाहेबांसमोर त्याच ठशावर छिन्नी घालून दोन तुकडे करतो. मी म्हटलं, "चाचा, नका. असला ठसा हिंदुस्थानात नाही. जपून ठेवायची चीज आहे." मला तो ठसा हवा होता, मंडळी. एवढं सगळं झाल्यावर सुद्धा मला तो माझ्या कपाटात हवा होता. चाचा म्हणाले, "आता तो बाजाराचा झाला. बेटीला त्याच्यातला देता येत नाही. मग ठेवून काय करू? चाटू?"

मी रागानं उठलो. सोलापूरला गेलो, माझे अंक आणि पत्रं आणायला. रागात सलाम पण केला नाही. म्हटलं मंगळवारी भेटतोच आहे.

मंगळवारी काय भेटलं ते मी सांगितलं.

पाच दिवस मी विचार करतोय. मुंबईचे विद्वान विचारतात, खोटं नाणं म्हणजे काय. मला आता एवढंच कळतं, की चाचांच्या रुपयानं कधी कुणाला फसवलं नाही. त्याच्यावर लिहिलेलंच होतं तो काय आहे. फसवलं ते माझ्या सहा पानांनी. त्यात नळदुर्गची टांकसाळ होती, बादशाह होता, तीनशे वर्षं होती, आणि त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. फँटसी मी छापली. आणि ठाण्याच्या कागदावर नाव दस्तगीर वल्द इमाम.

ते नाव तिथून निघालं पाहिजे. दुसरं मला काही सुचत नाही.

जबाब द्यायचा राहिला म्हणजे प्रकरण मिटलं, असं काही लोक युसूफभाईंना सांगतात. गप्प बसा, माणूस गेला, फाइल पडून राहील. पण फाइल पडून राहील ती कशी? संशयित म्हणून. सोनार आळीतली मंडळी ठसे द्यायला आता कचरतात, हे मला दिसतंय, त्यांनाही दिसतंय. मी दोष देत नाही. युसूफभाईंनी पुढं काय करायचं? खोटं नाणं पाडणाऱ्याचा पोरगा म्हणून खंडोबाचे पाय कोरायचे?

म्हणून कागद केलाय. गफूर मास्तरांनी उर्दूत लिहिलाय, कारण ठाण्यात उर्दू चालतं. मला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी दोनदा वाचून दाखवला, आणि या वेळी मी प्रत्येक शब्दाला विचारलं. त्यात लिहिलंय, हा रुपया दस्तगीरचाचांनी केला. चलनासाठी नाही, सासरी जाणाऱ्या लेकीसाठी केला. त्यांनी एकही रुपया बाजारात दिला नाही. त्याला बादशाही म्हणणारा मी. पहिली सही माझी आहे. हाच मजकूर इंग्रजीत मी मुंबईला पाठवतोय, आणि तो छापला नाही तर माझ्या खर्चानं छापून वाटणार आहे.

पण माझी सही पुरत नाही. ज्यांच्यासमोर त्या दिवशी रुपया पाडला, त्या सोनार आळीच्या चौघांच्या सह्या पाहिजेत. आणि लेकींनो, तुमचे अंगठे पाहिजेत. हा रुपया हातात देताना तुमच्या आईनं काय सांगितलं होतं, ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अंगठ्याशिवाय हा कागद म्हणजे माझा आणखी एक लेख.

यात धोका आहे का? आहे. अंगठा दिला तर अमीनसाहेब उद्या म्हणतील, रुपया हजर करा. परत मिळेल का? मला माहीत नाही. मी तुम्हाला खोटा भरवसा देणार नाही. घरात विचारतील, तू ठाण्याच्या कागदावर अंगठा का दिलास. तेव्हा ज्यांना जमत नाही त्यांनी देऊ नका, आणि मनाला लावून घेऊ नका. महादेवी अक्का मघाशी मला म्हणाल्या, "माझा आधी घे. रुपया मागितला तर देते. चाचांचं नाव परत येत असंल तर रुपया जाऊ दे." मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार?

उद्या सकाळी आम्ही कागद घेऊन ठाण्यावर जाणार. युसूफभाई छिन्नी घेऊन येणार. ठसा त्यांच्या हातात दिला तर तिथंच तोडणार, अब्बांना जसं करायचं होतं तसं. मी त्यांना अडवणार नाही. मी ठशाचा छाप पण घेणार नाही. कुणाला घेऊ देणार नाही.

आता उभे राहू या. म्हाताऱ्या माणसांनी बसल्या जागी चालेल. ज्यांना दुआ मागायची त्यांनी मागा, ज्यांना हात जोडायचे त्यांनी जोडा. परवानगीत फक्त शोक लिहिलाय. कागदावर अंगठा देणं हे पण शोकातच धरा, असं मास्तर विचारणाऱ्याला सांगतील. शाई त्यांच्या टेबलावर आहे.

पण आधी गप्प उभे राहू या. चाचा, सलाम. त्या दिवशी राहिलेला. मी लई बोललो तुमच्याबद्दल, छापून बोललो. आता बोलत नाही.